सहा एप्रिल युवक चळवळ

ईजिप्तमधील तरुणांची एक राजकीय-सामाजिक चळवळ. फेसबुक या समाजमाध्यमावर २००८ च्या वसंतात स्थापन झालेल्या एका गटातून ती उदयास आली. २५ जानेवारी २०११ रोजी सुरू झालेल्या क्रांतीच्या संयोजनात तिचा महत्त्वाचा वाटा होता. संगणकाच्या पडद्यावर जमलेल्या, राजकारणाचा फारसा अनुभव नसलेल्या तरुणांना प्रत्यक्ष कृतीकडे कसे वळवावे, हा तिच्यापुढील मूळ प्रश्न होता. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी २०११ च्या घटनांना ‘फेसबुक क्रांती’ असे नाव दिले आणि यशाचे श्रेय बहुतांशी तंत्रज्ञानाला दिले. तथापि चळवळीचे नावच मुळी एका कापडगिरणीतील संपाच्या तारखेवरून पडले आहे, ही गोष्ट त्या वर्णनात दृष्टीआड होते.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील अल्-महल्ला अल्-कुब्रा हे ईजिप्तच्या कापडउद्योगाचे प्रमुख केंद्र. तेथील मिस्र सूत व कापड गिरणी तलअत हर्ब यांच्या बँक मिस्रने १९२७ मध्ये उभारली व पुढे नासर यांच्या राजवटीत ती सरकारी मालकीची झाली. डिसेंबर २००६ मध्ये जाहीर झालेला बोनस हाती न पडल्यामुळे गिरणीत संप झाला. प्रथम काम थांबविले ते स्त्रीकामगारांनी. वीस हजारांहून अधिक कामगार त्यात सामील झाले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. सप्टेंबर २००७ मध्ये पुन्हा संप होऊन तोही यशस्वी झाला. २००८ च्या आरंभी जागतिक बाजारात गव्हाचे भाव कडाडले, अनुदानित पावासाठी रांगा लागल्या व त्या रांगांतील हाणामाऱ्यांत माणसेही दगावली. अशा स्थितीत महल्लाच्या कामगारांनी राष्ट्रीय किमान वेतनात वाढ व्हावी या मागणीसाठी ६ एप्रिल २००८ ही संपाची तारीख मुक्रर केली.

या संपाला देशभर पाठिंबा मिळावा म्हणून इस्रा अब्देल फत्ताह आणि स्थापत्य अभियंता अहमद माहिर यांनी फेसबुकवर गट काढला. त्या दिवशी लोकांनी कामावर न जाता घरीच राहावे, एवढेच त्यांचे आवाहन होते. थोड्याच दिवसांत या गटाची सदस्यसंख्या सु. ७०,००० झाली. १९८१ पासून अखंड आणीबाणी असलेल्या देशात ही संख्या असामान्य होती. कोणत्याही विरोधी पक्षाच्या सभेला एवढे लोक जमणे अशक्यच होते. प्रत्यक्षात पोलिसांनी गिरणीचा ताबा घेऊन संप होऊ दिला नाही. तेव्हा महल्लाच्या रस्त्यांवर उद्रेक झाला, अध्यक्ष होस्नी मुबारक यांचे फलक जमावाने खाली ओढले आणि गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले. इस्रा यांना अटक होऊन दोन आठवड्यांहून अधिक काळ स्थानबद्ध राहावे लागले.

गटाने लगेच दुसरे आवाहन केले. ४ मे २००८ हा मुबारक यांचा ऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी पुन्हा देशव्यापी संप व्हावा असे ठरले. सदस्य तेच होते, साधनही तेच होते. पण या वेळी कोणत्याही गिरणीतील कामगार त्यामागे उभे नव्हते आणि संप साफ फसला. काही दिवसांतच माहिर यांना पोलिसांनी पकडून बेदम मारहाण केली. एप्रिल व मे यांतील हा फरक चळवळीच्या इतिहासात पुन:पुन्हा प्रत्ययास येतो. नावनोंदणीस कळ दाबणे पुरेसे असते. संपावर जाणाऱ्याच्या घरची चूल मात्र शेजारी व सहकामगार यांच्या भरवशावर चालते. नेत्यांना याची जाणीव झाली असावी. त्यांनी मिलोशेविच यांच्याविरुद्ध लढलेल्या सर्बियातील ‘ओतपोर’ या युवक संघटनेचा अभ्यास केला, तिचे मूठ हे चिन्ह स्वीकारले आणि २००९ मध्ये मुहंमद आदिल हा त्यांचा कार्यकर्ता अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण घेण्यासाठी बेलग्रेडला जाऊन आला.

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियातील खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला साध्या वेशातील दोन पोलिसांनी एका संगणक-केंद्रातून बाहेर ओढून मरेपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळल्याने तो गुदमरला, असा खुलासा सरकारने केला. परंतु शवागारात घेतलेले त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र तोपर्यंत सर्वत्र पसरले होते. गूगल या कंपनीत दुबई येथे नोकरीस असलेले वाएल घोनीम यांनी ‘आपण सारे खालिद सईद’ या अर्थाचे पृष्ठ निनावीपणे सुरू केले. त्याची भाषा प्रौढ अरबी नव्हती, तर घरात बोलली जाते ती ईजिप्शियन बोली होती. तसेच मजकूर खालिद स्वतःच बोलत असल्याप्रमाणे प्रथमपुरुषी असे. पक्ष, जाहीरनामे व घोषणा यांना विटलेल्या तरुणांना ही भाषा आपली वाटली.

या पृष्ठावरून ठरलेली ‘मूक उभे राहणे’ ही कृती विशेष उल्लेखनीय आहे. काळे कपडे घालावेत, अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर रस्त्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करावे, हातात कुराण किंवा बायबल घेऊन वाचत राहावे आणि परस्परांत अंतर ठेवावे, असे तिचे स्वरूप होते. पाच वा अधिक व्यक्तींचा जमाव बेकायदेशीर ठरविता येई. दूर दूर उभ्या असलेल्या वाचकांना जमाव म्हणणे पोलिसांना जड गेले. घरी परतल्यावर सहभागी तरुण आपली छायाचित्रे पृष्ठावर लावीत आणि ती पाहून पुढच्या वेळी आणखी लोक येत. भीती मोडण्याची ही शाळाच होती.

ट्युनिशियाचे अध्यक्ष बेन अली १४ जानेवारी २०११ रोजी देश सोडून पळाले. ईजिप्तमध्ये २५ जानेवारी हा पोलीस दिन असतो. तोच दिवस निषेधासाठी निवडण्यात आला. आस्मा महफूझ या चळवळीतील तरुणीने १८ जानेवारीस प्रसृत केलेल्या चित्रफितीत पुरुषांच्या स्वाभिमानाला आव्हान दिले. मोर्च्यांची ठिकाणे महाजालावर जाहीर झाली, अर्थात पोलिसांनाही ती कळली. मात्र बूलाक अल्-दकरूर या कैरोलगतच्या दाट कामकरी वस्तीतील एक ठिकाण मुद्दाम गुप्त ठेवले होते. तेथे कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याऐवजी महागाईच्या घोषणा दिल्या, गल्लीबोळांतून माणसे येऊन मिळाली आणि तोच मोर्चा पोलिसांचे कडे ओलांडून तहरीर चौकाकडे जाऊ शकला. २८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत सरकारने देशातील जवळजवळ सर्व महाजाल बंद पाडले, भ्रमणध्वनीही थांबले. त्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पूर्वी कधी नव्हते एवढे लोक रस्त्यावर आले. काय चालले आहे हे पाहण्यास घराबाहेर पडण्यावाचून मार्ग उरला नव्हता, हेही त्याचे एक कारण होय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुएझ कालव्याच्या सेवा-कंपन्या, महल्लाच्या गिरण्या, वाहतूक इ. क्षेत्रांत संप पसरले आणि ११ फेब्रुवारीस मुबारक यांनी सत्ता सोडली. अधिकृत चौकशी समितीच्या मते या अठरा दिवसांत किमान ८४६ जण मरण पावले.

पुढील राजकारणात या तरुणांचा निभाव लागला नाही. १९ मार्च २०११ च्या घटनादुरुस्तीवरील सार्वमतात त्यांनी विरोधी मत देण्याचे आवाहन केले, सु. ७७% मतदारांनी अनुकूल कौल दिला. संसदीय निवडणुकीत मुस्लिम ब्रदरहुड व सलफी यांनी मिळून दोन-तृतीयांशांहून अधिक जागा जिंकल्या, क्रांतिवादी तरुणांच्या आघाडीस मोजक्याच मिळाल्या. खेडोपाडी मशिदी, दवाखाने व धर्मादाय संस्था चालविणाऱ्या जुन्या संघटनेशी हा सामना होता. नेतृत्वाच्या वादातून २०११ मध्येच चळवळ दुभंगली होती. जुलै २०१३ मध्ये लष्कराने अध्यक्ष मुहंमद मुर्सी यांना पदच्युत केले. नोव्हेंबरमध्ये निदर्शनांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि त्याच्या भंगाबद्दल डिसेंबर २०१३ मध्ये माहिर, आदिल व अहमद दूमा यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१४ मध्ये खालिद सईदच्या मारेकऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिल रोजी, कैरोच्या न्यायालयाने सहा एप्रिल चळवळीवर बंदी घातली. माहिर जानेवारी २०१७ मध्ये सुटले, परंतु त्यानंतर तीन वर्षे रोजची रात्र पोलीस ठाण्यात काढण्याची अट त्यांच्यावर होती. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेले समाजमाध्यमावरील खाजगी खातेही वृत्तपत्राप्रमाणे सरकारी नियंत्रणाखाली आले. महल्लाच्या गिरणीत मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये किमान वेतनाच्याच प्रश्नावर हजारो कामगार पुन्हा संपावर गेले.