शंकासमाधान, वैज्ञानिक

भौतिकी आणि खगोलशास्त्राबद्दल सामान्य माणसाला पडलेल्या प्रश्नांना जाणकाराने त्याच्याच भाषेत दिलेली उत्तरे, असा या नोंदीपुरता अर्थ. शंकासमाधान हा शब्द मुळात प्रवचनाच्या आणि शास्त्रचर्चेच्या बैठकीतला. विज्ञानाने तो उचलला तेव्हा एक अट वाढली: उत्तर ऐकणाऱ्याला ते स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे.

मराठीत या कामाचा पाया मासिकांनी घातला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ 1840 मध्ये निघाले, पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ 1928 मध्ये. पुण्यातच 1944 साली हौशी आकाशनिरीक्षकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली. मुंबईत 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि पुढे तिने चालवलेल्या ‘कुतूहल’ या वृत्तपत्रीय सदरामुळे एकेका प्रश्नाचे छोटेखानी उत्तर सकाळच्या चहाबरोबर घरोघरी पोचू लागले.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव जयंत विष्णु नारळीकर (1938–2025). जन्म कोल्हापूरचा, शिक्षण बनारस आणि केंब्रिजला. 1972 मध्ये ते भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. 1988 मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. शाळेत व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर तिथे सही देत नसत. एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल, असे ते सांगत. या युक्तीचे मोल फार मोठे आहे. सही हवी असलेल्या मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे, तो थोडक्यात मांडावा लागे आणि मग टपालाची वाट पाहावी लागे. पोस्टकार्डावर जागा तळहाताएवढी, त्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही पाल्हाळ लावता येत नसे. आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली तीही याच ओढीतून.

काही प्रश्नांना पत्राने भागत नाही, तिथे प्रयोगच मांडावा लागतो. फलज्योतिष खरे का, हा त्यांतला महाराष्ट्रात वारंवार विचारला जाणारा प्रश्न. नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनातल्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने 200 कुंडल्या जमवल्या. निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी बरोबर ठरली 46 टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती तेवढीच, किंबहुना किंचित कमी. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. वादविवादाने न सुटणारा प्रश्न मोजणीने कसा हाताळावा, याचा हा मराठी मुलखातला उत्तम नमुना आहे.

चांगले उत्तर विचारणाऱ्याच्या गावातूनच सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर घ्या. करमाळा तालुक्यातले हे स्थानक पुणे–सोलापूर लोहमार्गावर आहे. करमाळ्याला जायचे तर रेल्वेने उतरायचे इथेच. फलाटावर उभे असताना न थांबणारी एक्स्प्रेस हॉर्न वाजवीत पुढून गेली की स्वर एकदम खाली येतो. का? गाडी जवळ येताना ध्वनिलहरी दाटतात, लांब जाताना विरळ होतात. हाच डॉप्लर परिणाम. गाडीचा वेग ताशी 110 किलोमीटर आणि ध्वनीचा सेकंदाला 345 मीटर धरला, तर येतानाचा स्वर जातानाच्या स्वराच्या सुमारे 1.2 पट भरतो. हे अंतर कोमल गंधार ते षड्ज एवढे आहे. पेटी वाजवणाऱ्या कोणालाही ते कानाने ताडता येईल.

इथे पुष्कळ उत्तरांत एक चूक राहून जाते. गाडी जवळ येताना स्वर चढत जातो, असे लिहिले जाते. चढतो तो आवाज. स्वर आधीपासूनच उंच असतो आणि गाडी समोरून जाताना उतरतो. रुळांपासून लांब, शेताच्या बांधावर उभे राहिले आणि हॉर्न वाजत राहिला, तर तोच उतार मींडेसारखा सावकाश ऐकू येतो. आवाज आणि स्वर यांतला हा फरक सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला दिसतो, त्याची पहिली ओळख या हॉर्नवरून करून देता येते. मात्र लगेच सांगायला हवे की तिथे मुख्य कारण वेगळे: वाटेत असताना अवकाशच ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशाची लहर लांबते. विश्वाचा आरंभ महास्फोटात झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य असलेले मत नारळीकरांना पटले नव्हते. त्यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह 1993 मध्ये पर्यायी प्रतिमान मांडले. ते फारसे स्वीकारले गेले नाही. उत्तर देणाऱ्याने असे मतभेद झाकू नयेत. मुलांना ते झेपतात.

जेऊरलाच पडताळता येणारा दुसरा प्रश्न सावलीचा. सूर्य रोज बाराला डोक्यावर येतो, ही समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशाजवळच्या या गावी तो वर्षातून दोनदाच थेट माथ्यावर येतो: 12–13 मे आणि 30–31 जुलैच्या सुमारास. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणून तिथे कधीच नाही. मे महिन्यात ती वेळ घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास येते, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि जेऊर त्याच्या बरेच पश्चिमेला. अंगणात तांब्याखाली पाट ठेवून पाहावे. सावली आखडत आखडत तांब्याच्या बुडाखाली जाते, मिनिटभर दिसेनाशी होते आणि पलीकडून डोकावते. या दोन तारखांमधले सुमारे अकरा आठवडे भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, हे गावातल्या जुन्या माणसांनाही दाखवल्यावरच खरे वाटते. जुलैची तारीख बहुधा ढगांत जाते, तेव्हा प्रयोगासाठी मे महिनाच धरावा.