सालीवरची खूण

रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीत, जेथून 1996 पासून गडावर जाणारा रोपवे सुटतो, उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणातून विकली जातात. हा द्रोण भांडेही असतो आणि मापही, आणि फळ कोठल्या रानातले हे विकणारीला विचारले की कळते. ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी ओळखली जाते ती गडावर दूध घालणारी गवळण होती, असे आख्यायिका सांगते. म्हणजे ज्या व्यापारात मालाची खात्री विकणाऱ्या माणसावरच असे, त्याचीच आठवण या वाडीच्या नावात राहिली आहे.

माल दूर जाऊ लागला की माणूस मागे राहतो आणि खुणेची गरज पडते. कोकणातील आंबा मुंबईला जाऊ लागला तेव्हा ही खूण फळावर नव्हे, तर पेटीवर आली. लाकडी पेटीच्या फळीवर बागायतदाराचे नाव किंवा आद्याक्षरे रंगवलेली असत, त्याला मार्का म्हणत. पेटीच्या आत गवताच्या थरांवर आंबा मात्र कोराच असे. 1869 मध्ये सुरू झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात आणि पुढे घाऊक फळबाजार वाशीला गेल्यावर तेथेही, दलाल म्हणजे बागायतदाराच्या वतीने माल विकणारा अडत्या, मार्का पाहून बागेचा अंदाज बांधी आणि पेटी उघडून, फळ हातात घेऊन, त्याचा वास व देठ पाहून भाव ठरवी. खुणेने ओळख द्यायची आणि फळाने तिची परीक्षा द्यायची, ही विभागणी शहाणपणाची होती असे म्हणावे लागते.

फळाच्या सालीवरच नाव आले ते परदेशांतील मोठ्या कंपन्यांमुळे. फाइफ्स या कंपनीची निळी चिठ्ठी केळ्यांवर 1929 पासून दिसू लागली; 1935 मध्ये अमेरिकेतील स्टॅन्टन एव्हरी यांनी पाणी न लावता नुसत्या दाबाने चिकटणारे लेबल तयार केले आणि 1963 पासून चिकिटा या ब्रँडचे निळे स्टिकर केळ्यांवर आले. तोवर स्टिकर ही जाहिरात होती. 1990 नंतर त्याला दुसरे काम मिळाले: पीएलयू, म्हणजे फळाची जात व आकार सांगणारा चार अंकी क्रमांक, त्यावर छापला जाऊ लागला, जेणेकरून गल्ल्यावरच्या माणसाला सफरचंदांच्या जाती ओळखाव्या लागू नयेत. साध्या पिवळ्या केळ्याचा क्रमांक 4011. सेंद्रिय मालास आधी 9 लावून पाच अंक होतात. 8 ने सुरू होणारा क्रमांक जनुकीय बदल केलेल्या फळाचा, हा समज आजही पसरवला जातो, पण तो अंक एकेकाळी त्यासाठी राखून ठेवला होता तरी त्या अर्थाने दुकानांत प्रत्यक्ष वापरात आला नाही.

भारतात 2001 पर्यंत आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठले आणि परदेशी सफरचंदांबरोबर हे स्टिकर गावोगावच्या गाड्यांवर पोचले. येथील बहुतेक सुपरमार्केटांत वजनकाटाच पिशवीवर लावायची चिठ्ठी छापतो, त्यामुळे फळावरच्या क्रमांकाची गरज उरत नाही. तरीही देशी फळांवर ‘उत्तम दर्जा’ अशा अर्थाची चकचकीत स्टिकरे चिकटवली जातात, आणि कधी त्याखाली डागही दडतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या प्रथेविरुद्ध सूचना दिल्या आहेत. घरी ही स्टिकरे नखाने खरवडावी लागतात, टोमॅटोची साल त्यांच्यासोबत सोलून येते, पेरूसारख्या सालीसकट खायच्या फळावर गोंद उरतो, आणि सालींबरोबर खतात गेलेले प्लास्टिक कुजत नाही. म्हणूनच फ्रान्सने 2022 पासून घरच्या खतात न कुजणाऱ्या स्टिकरांना मनाई केली. हा त्रास क्षुल्लक मानला जातो, पण तो खाणाऱ्याने विकणाऱ्याच्या सोयीसाठी रोज सोसायचा असल्याने अन्याय्य आहे.

खूणच नको, असे मात्र म्हणता येत नाही, कारण परप्रांतातील आंबा हापूस म्हणून खपवला जातो तेव्हा नुकसान कोकणातील बागायतदाराचे होते. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले, आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे व पालघर यांच्याबरोबर रायगड जिल्हाही आहे. महाड-पोलादपूरच्या बागायतदारांनाही नोंदणी करून ते वापरता येते. मानांकनाची मुद्रा आणि बागेचा पत्ता सांगणारा क्यूआर कोड पेटीच्या झाकणावर, जुन्या मार्क्याच्याच जागी, छापता येतो.