रुमालाखालचे सौदे

माझे वडील चाकणच्या बैलबाजारात दलाल होते. सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात एकाच कापडाखाली, बोटं धरून भाव सांगायचा, नको असेल तर बोट सोडून द्यायचं, पुन्हा धरायचं. भोवतीच्या माणसांना कापड हललेलं तेवढं दिसे. बैल बाजूला रवंथ करत उभा असायचा.

१९७५च्या हिवाळ्यात मी मॉन्ट्रियलला आलो आणि एका गोदामात हिशेबनीस म्हणून लागलो. हॉकी म्हणजे मैदानावरची, एवढंच मला ठाऊक. पुढच्याच जुलैत ऑलिंपिक मॉन्ट्रियललाच होतं. ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातवा आला. मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. गोदामात माल बांधणारा माझा क्यूबेकी सोबती म्हणाला, थंडी पडू दे, तुला आमची हॉकी दाखवतो. त्याच्याकडून मी सॅम पोलॉकचं नाव ऐकलं. आपल्याकडे नाना फडणविसांच्या गोष्टी सांगतात तशा तो पोलॉकच्या गोष्टी सांगायचा, दुपारचा डबा खाताना, बोटांवर मोजत.

पोलॉक १९६४ ते १९७८ मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाचा जनरल मॅनेजर होता. सामना चालवतो तो कोच. संघात कोण असावं, कुणाला किती पगार द्यावा, कुणाला कुठे पाठवावं, हे जनरल मॅनेजरचं काम. पोलॉक स्वतः एनएचएलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये, एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या १४ वर्षांत संघाने ९ वेळा स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला.

१९६७ साली एनएचएलमधले संघ सहाचे बारा झाले. नव्या सहा संघांना ताबडतोब उभं राहायचं होतं, तिकिटं विकायची होती. त्यांना तयार माणसं हवी होती. पोलॉककडे तयार माणसांचा साठा होता. तो ती देई आणि बदल्यात त्यांचा पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधला हक्क मागून घेई. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. तेव्हा तळाच्या संघाला पहिली निवड मिळे. हा हक्क म्हणजे मुदतीची हुंडी, फक्त तिच्यावर रक्कम लिहिलेली नसते. हुंडी देणारा संघ जितका खाली घसरेल तितकी ती वधारते.

१९७०च्या मे महिन्यात पोलॉकने ओकलंड सील्सला अर्नी हिकी हा तरुण खेळाडू आणि स्वतःची त्या वर्षीची पहिली निवड दिली. त्याला मिळाला फ्रान्स्वा लाकोम्ब आणि सील्सची १९७१ची पहिली निवड. बातमी बारीक अक्षरात छापावी असा सौदा. पण क्यूबेकमध्ये गी लाफ्लर नावाचा पोरगा ज्युनियर हॉकीत गोलांचा पाऊस पाडत होता आणि तो १९७१च्या ड्राफ्टमध्ये येणार होता. लॉस एंजेलिस किंग्ज सील्सच्याही खाली राहिले असते तर हुंडीचा भाव उतरला असता. जानेवारी १९७१मध्ये पोलॉकने आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रम लॉस एंजेलिसला देऊन टाकला. किंग्जना वर ढकलण्यासाठीच तो दिला, असं माझा सोबती शपथेवर सांगायचा. बॅकस्ट्रमला स्वतःलाच मॉन्ट्रियल सोडायचं होतं, हेही तितकंच खरं. मला वाटतं पोलॉकने एका दगडात दोन्ही पक्षी मारले. सील्स तळाला गेले, लाफ्लर मॉन्ट्रियलला आला.

मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा लाफ्लर हेल्मेटविना धावत होता, सोनेरी केस मागे उडत होते. १९७६-७७च्या मोसमात ८० सामन्यांत मॉन्ट्रियल फक्त ८ हरलं. आणि पोलॉक? लोक सांगत, तो सामना चालू असताना अस्वस्थ होऊन हातरुमाल चावत बसतो. रुमाल म्हटल्यावर मला वडील आठवले, आणि तेव्हापासून हा माणूस मला परका वाटला नाही.

पण वर्षानुवर्षं हे सगळं वाचत गेल्यावर माझं मत बदललं. ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, समोर दुसरा मॅनेजर असतो, दोघांचेही हात कापडाखाली. करार करताना मात्र समोर खेळाडू स्वतः बसलेला असतो. मॅनेजरची खरी पारख तिथे होते, आणि तिथे पोलॉकही चुकला. केन ड्रायडन हा त्याचा गोलरक्षक. १९७३ साली त्याने पगार वाढवून मागितला. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी स्पर्धा आदल्याच वर्षी सुरू झाली होती, तिने बॉबी हल या एनएचएलच्या खेळाडूला दहा लाख डॉलर हातावर ठेवून नेलं होतं, त्यामुळे सगळ्यांचेच भाव वाढले होते. पोलॉक बधला नाही. ड्रायडन कायदा शिकलेला. तो टोरांटोला एका वकिलांच्या कचेरीत आठवड्याला दीडशेहून कमी डॉलरवर उमेदवारी करायला गेला. आदल्या मोसमात १८४ गोल खाल्लेल्या मॉन्ट्रियलने त्या मोसमात २४० खाल्ले आणि पहिल्याच फेरीत घर गाठलं. १९७४मध्ये ड्रायडन परत आला, चांगल्या पगारावर. मी रोज पगारपत्रकं करणारा माणूस, मला हा प्रसंग लाफ्लरच्या सौद्याहून मोठा वाटतो.

हुंड्या मात्र फिरत राहिल्या. ९ ऑगस्ट १९८८ला एडमंटनच्या मालकाने आपला सर्वात मोठा खेळाडू वेन ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला विकला. जनरल मॅनेजर ग्लेन सॅदर याचा त्याला विरोध होता, पण मालकाला रोख हवी होती. दीड कोटी डॉलर, दोन तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या तीन निवडी. ग्रेट्स्की पत्रकारांसमोर रडला. त्याच्या अठराव्या वाढदिवशी, बर्फाच्या मधोमध टेबल मांडून, त्याच मालकाने त्याच्याशी २१ वर्षांचा करार केला होता. त्यातली नऊच वर्षं झाली होती.

डिसेंबर १९९५ची ती शनिवारची रात्र माझ्या घरात कुणी विसरलेलं नाही. डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला घरच्या बर्फावर ११-१ असं धुतलं. कोचने गोलरक्षक पॅट्रिक रॉयला नऊ गोल होईपर्यंत जाळ्यापुढे उभं ठेवलं. रॉयने बाहेर येताच अध्यक्षांना सांगितलं, हा माझा इथला शेवटचा सामना. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, तो उठून खोलीत गेला आणि दार लावून बसला. जनरल मॅनेजर रेजाँ हूल याला खुर्चीत बसून दीड महिनाच झाला होता. ज्याचा बैल संध्याकाळी परत न्यायची सोय नाही, त्याचा भाव बाजार ओळखतो. चार दिवसांत रॉय कर्णधार माइक कीनसह कोलोरॅडोला गेला. बदल्यात तिघे आले. त्यातला जोसलिन तिबो हा एरिक लिंड्रोस या खेळाडूच्या सौद्यातून, कोलोरॅडोचा हा संघ क्यूबेकमध्ये असताना त्याला मिळालेल्या निवडीवर घेतलेला, आणि मार्टिन रुचिन्स्की हा ग्रेट्स्कीच्या सौद्यातल्या निवडीवर. दोन जुन्या हुंड्या हात बदलत बदलत आमच्या दारी वटल्या. जूनमध्ये स्टॅन्ले कप कोलोरॅडोने उचलला.

२००४-०५चा अख्खा मोसम टाळेबंदीत गेला, आणि त्यानंतर पगारांवर मर्यादा आली: पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर. मर्यादेत पगार धरायचा तो कराराच्या सगळ्या वर्षांची सरासरी काढून. मग २०१०मध्ये न्यू जर्सीचा जनरल मॅनेजर लू लॅमोरिएलो याने २७ वर्षांच्या इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा करार केला, १० कोटी २० लाखांचा. पैसा बहुतेक सगळा आधी, शेवटची वर्षं नावापुरती, म्हणजे सरासरी खाली. लीगने तो फेटाळला, लवादानेही. सुधारलेला १५ वर्षांचा करार झाला, संघाला दंड झाला, आणि २०१३मध्ये १२ वर्षं शिल्लक असताना कोवालचुक रशियाला निघून गेला. अशा वहीत मला रस वाटत नाही.

मला पुन्हा पुन्हा आठवतो तो डेट्रॉइटचा टेड लिंड्से. १९५७च्या फेब्रुवारीत त्याने खेळाडूंची संघटना जाहीर केली. पेन्शनच्या पैशांचा हिशेब दाखवा, एवढी साधी मागणी होती. त्याच मोसमात गोलसाठी सर्वाधिक पास त्याचेच होते. मॅनेजर जॅक अ‍ॅडम्सने पत्रकारांना त्याचा २५,००० डॉलरचा बनावट करार दाखवला. खरा पगार होता १२,०००. जुलैत त्याला तळाला असलेल्या शिकागोला पाठवून दिलं, सोबत तरुण गोलरक्षक ग्लेन हॉललाही. हॉलने शिकागोला १९६१ साली कप मिळवून दिला. लिंड्सेसोबत सहा वर्षांत चार कप जिंकलेल्या डेट्रॉइटला पुढचा मिळाला १९९७मध्ये. संघटना वर्षभरात मोडली. नवी उभी राहायला १९६७ साल उजाडलं.

१९७७ साली मोडकळीला आलेल्या डेट्रॉइटने नवा जनरल मॅनेजर नेमला, तो टेड लिंड्से. अ‍ॅडम्सच्याच खुर्चीत. १९७८च्या वसंतात आठ वर्षांनी डेट्रॉइट प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, पोचलं आणि समोर आलं मॉन्ट्रियल. पोलॉकचं ते शेवटचं वर्ष. मालिका मॉन्ट्रियलने ४-१ अशी जिंकली. जो एक सामना मॉन्ट्रियल हरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा सोबती डबा उघडता उघडता म्हणाला, कालच्या हरण्याचं मला वाईट वाटत नाही, तो एक टेडचा.