वऱ्हाडी तारुण्याचा अवकाश

मंगरूळपीर तालुक्यातील मौजे आसेगाव हे 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आलेल्या वऱ्हाडातले. 1905 मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडला तेव्हा हा तालुका अकोल्याच्या दप्तरी गेला, आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वाशीमकडे आला. दप्तरे बदलली, तरी अशा गावांतील मुलाचा कुलधर्म, त्याचा धंदा आणि बहुधा त्याची सोयरीकही मिसरूड फुटण्याआधीच ठरलेली असे. त्यामुळे बाल्य आणि गृहस्थाश्रम यांच्या दरम्यान स्वमताने काही निवडावे एवढा अवधीच त्याच्या वाट्याला येत नसे.

तो अवधी मिळवून दिला घराबाहेरच्या शिक्षणाने. रुईच्या गाठी वाहण्यासाठी घातलेल्या कारंजा-मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गाने हा मुलूख मुख्य मार्गाशी जोडला गेला, 1923 मध्ये अमरावतीस महाविद्यालय निघाले, आणि त्याच दशकात विलायतेहून वेदवाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून परतलेल्या पंजाबराव देशमुखांनी तेथे स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने छात्रालय उभारले. एका छपराखाली निजणारी आणि एका पंगतीला बसणारी नाना जातींची मुले शेजाऱ्याचे ताट पाहून आपल्या घरचा आचार प्रथमच तपासू लागली. आणि वडिलांच्या शब्दाहून सोबत्याच्या युक्तिवादाला अधिक वजन येण्याचे वय ते हेच. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि श्रद्धा ही केवळ वारशाने घ्यावयाची की न्यायबुद्धीने पारखावयाची, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेर भेटला. त्याच वर्षी खुद्द पंजाबरावांनी मुंबईच्या सोनार कुटुंबातील विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. मध्य प्रांतातील हरिसिंग गौर यांच्या खटपटीने 1923 मध्ये सुधारलेल्या विवाह-कायद्यामुळे, जातीबाहेर नोंदणीने लग्न करण्यासाठी आपण हिंदू नाही असे लिहून देण्याची सक्ती तेव्हा उठलेली होती. म्हणजे धर्म राखून जोडीदार निवडण्याची मुभा कागदावर तरी आली होती.

परंतु छात्रालयाने मुलाला दिलेला हा अवकाश त्याच्या बहिणीला लाभला नाही. 1929 च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलास 18 आणि मुलीस 14 ठरविले; सुधारणेच्या ऐन बहरातही, स्वतःचे मत बनविण्यासाठी भावाहून चार वर्षे कमी पुरतील, असाच हिशेब सरकारने आणि समाजाने तिच्या नावे मांडला.