योगशिक्षकाची घडण



गेल्या आषाढीच्या वाटेवर, वाखरीच्या तळावर, एका तरुण टाळकऱ्याने मला विचारले, "महाराज, तुम्ही म्हणे योगाचे मास्तर झाला होता. हरिपाठ म्हणणाऱ्याला ते कशाला लागते?" त्यात टोमणा नव्हता, पोराला खरेच जाणून घ्यायचे होते. पण तेवढ्यात चोपदारांची हाक आली, दिंडी उठली आणि उत्तर राहून गेले. ते इथे लिहितो. उत्तर सरळ नाही. त्यात थोडा इतिहास आहे आणि माझी एक चूक आहे.

माझे शिक्षण आळंदीचे. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे काढली. माधुकरी मागायची, पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी ज्ञानेश्वरी आणि विचारसागर, संध्याकाळी हरिपाठ. पहिले कीर्तन करायला मिळण्याआधी किती रात्री मागे टाळ धरून उभा राहिलो त्याची मोजदाद नाही. पुढे चाळीस वर्षे कीर्तन केले. साठी उलटली तसा दम पुरेना. चाल वर गेली की आवाज मध्येच तुटे आणि टाळकरी सावरून घेत. श्रोत्यांना कळत नसे, पण मला कळे. डॉक्टर म्हणाले, प्राणायाम शिका. शिकायचे तर नीट शिकावे हा आळंदीचा हट्ट, म्हणून तालुक्याच्या गावी योगशिक्षकांचा वर्ग निघाला होता त्यात नाव घातले. साल २०१५. त्याच वर्षी २१ जूनला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला होता आणि असे वर्ग जागोजागी निघत होते.

वर्गात मी सर्वांत वडील. बाकी सारी पंचविशीतली मुले-मुली. त्यांचे अंग वाके, मला श्लोकाचा अर्थ लागे, अशी देवघेव जमली. अभ्यासक्रम दोनशे तासांचा. मी मनात म्हणे, दोनशे तासांत आमच्याकडे पोराचा टाळसुद्धा धड पडत नाही! हा गर्व होता. तो पुढे भोवला.

एके दिवशी मी आमच्या शिक्षकांस विचारले, "आपली परंपरा कोणती?" वारकऱ्याला ही सवयच. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही माळ आम्ही लहानपणापासून म्हणतो. ते बिचारे गोंधळले. म्हणाले, "महाराज, परीक्षेला हे नाही." मग ती परंपरा मीच शोधत बसलो, आणि जे सापडले त्याने माझा बराचसा ताठा उतरला.

नर्मदेच्या काठी गुजरातेत मालसर म्हणून गाव आहे. तिथे मूळचे बंगालचे परमहंस माधवदासजी राहत. त्यांच्याकडे गेलेल्या तरुणांपैकी दोघांनी पुढे योगाची शाळा काढली. पहिले मणिभाई देसाई, मुंबईत कॉलेजात शिकणारा मुलगा. पुढे ते श्रीयोगेंद्र झाले. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरात मुंबईस वर्सोव्याला योग संस्था काढली. विशेष असे की ते संन्यासी झाले नाहीत. लग्न केले, संसार केला, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिले. प्रपंचात राहून परमार्थ ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही, पण योगाच्या बाबतीत त्या काळी ती नवीच होती.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३, डभोईचा. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी व्यायाम केला, पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकविले. अमळनेर म्हटले की आपल्याला सखाराम महाराजांची वाडी आणि बोरी नदीच्या वाळवंटातली वैशाखाची यात्रा आठवते. त्याच गावात हा मास्तर राष्ट्रीय शिक्षणाचे वर्ग घेत होता. मालसरला माधवदासजींकडे ते गेले ते वयाच्या पस्तिशीनंतर. म्हणजे शिकवून झाल्यावर पुन्हा शिकायला बसले. हे वाचले तेव्हा मला माझ्या वयाची लाज वाटेनाशी झाली.

गुरूंकडून घेतलेली नौली त्यांनी जशीच्या तशी लोकांना शिकविली नाही. १९२३-२४ साली बडोद्यास क्ष-किरणांखाली ती करून पाहिली. दाब मोजायची यंत्रे लावली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब उणा होतो, हवा आणि पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी मापून दाखविले. त्या उणेपणाला नाव काय दिले? 'माधवदास निर्वात'. यंत्र विलायती, रीत शास्त्रज्ञाची, आणि नाव गुरूचे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम निघाले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. पुढे तिथे योग शिकविणारे तयार करण्याचे महाविद्यालयही झाले. शाळांतल्या मुलांना रांगेत उभे करून हुकमावर आसने कशी करवून घ्यावीत, याची बांधणीही कुवलयानंदांनी केली.

आळंदी १९१७, वर्सोवा १९१८, लोणावळा १९२४. सात-आठ वर्षांत तीन ठिकाणी एकच गोष्ट घडली. जी विद्या घराण्यात, फडात किंवा एकांतातल्या गुरूपाशी अडून होती तिची शाळा झाली. शेतकऱ्याचे पोर आळंदीला येऊन कीर्तनकार होऊ लागले आणि कारकुनाचे पोर लोणावळ्याला जाऊन योगशिक्षक. दोनशे तासांना हसणारा मी स्वतः अशाच एका शाळेचे फळ होतो. जोग महाराजांच्या वेळीही 'कीर्तन काय शाळेत शिकवायची वस्तू आहे?' असे म्हणणारे असतीलच की!

असो. टाळकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हरिपाठात माउलींनी योगयागाचा सोस धरू नका असे बजावले हे खरे. पण ज्ञानेश्वरीचा सहावा अध्यायही माउलींचाच. तिथे आसन, बंध, कुंडलिनी यांचे जे वर्णन आहे तसे मराठीत दुसरीकडे नाही. त्यात एक गोष्ट मी इतकी वर्षे वाचूनही नीट पाहिली नव्हती. जागा निवडली, आसन अंथरले, की शरीर वळवायच्या आधी सद्गुरूंचे स्मरण करायला सांगितले आहे. पुढे अर्जुन विचारतो, देवा, हे माझ्यासारख्याला जमेल का, अंगी योग्यता लागत असेल. देव म्हणतात, योग्यतेची काही खाण असते का? थोडा विरक्त असला आणि देहाचे व्यवहार नेमाने ठेवले की तोच अधिकारी. याचे निरूपण मी किती वेळा केले असेल! आणि त्याच निरूपणाने घात केला.

वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळाले. गावच्या देवळाच्या सभामंडपात मी सकाळी दहा-बारा वृद्धांना बसवू लागलो. पैसा घ्यायचा नाही हे ठरलेलेच. त्यांत आमचे विणेकरी होते, सत्तरी गाठलेले. तीस वर्षे माझ्या प्रत्येक कीर्तनात हा माणूस वीणा घेऊन उभा. वीणा खाली ठेवायची नाही, बसायचे नाही, हा त्यांचा नेम. त्या दिवशी मी श्वास भरून घ्यायला सांगितले, कुंभक करायला सांगितले, आणि कुंभक म्हणजे काय हे समजावू लागलो. सहावा अध्याय निघाला. एक दृष्टांत दिला, त्यावरून दुसरा सुचला. माझी दृष्टी कीर्तनाच्या सवयीने समोरच्यांच्या डोक्यावरून पार गाभाऱ्याकडे लागली होती. धप्प असा आवाज झाला. विणेकरी खांबावर कलंडले होते. कपाळाला खोक पडली.

दवाखान्यात नेले. रक्तदाब वाढलेला होता आणि मी तो कधी विचारलाच नव्हता. वर्गात हे शिकविले होते, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे की रक्तदाब असणाऱ्यास कुंभक देऊ नये. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून ते घरी आले. मी क्षमा मागितली. ते साधेपणाने म्हणाले, "महाराज, तुम्ही सोडा म्हणाला नव्हता."

कीर्तनात श्रोता डुलकी घेतो, उठून जातो, पुन्हा येतो. माझा शब्द वाया गेला तरी कोणाचे कपाळ फुटत नाही. इथे माझ्या एका शब्दावर माणूस श्वास धरून बसला होता, कारण नारदाच्या गादीवरून मी जे सांगितले ते त्याने तीस वर्षे ऐकले होते. त्या विश्वासाचे प्रमाणपत्र दोनशे तासांत मिळालेले नव्हते, आणि ते मी फुकट वापरले. कुवलयानंदांनी गुरूची विद्या यंत्राला का लावली ते मला त्या दिवशी उमगले. गुरूवर अविश्वास म्हणून नव्हे. पुढे बसणाऱ्याचा विश्वास फार मोठा असतो म्हणून.

मी शिकविणे थांबविले. पुण्यास मुलीकडे जाऊन राहिलो आणि अय्यंगारांच्या पद्धतीने शिकविणाऱ्या एका बाईंकडे दोन वर्षे शेवटच्या रांगेत बसलो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली अठरा वर्षांचे असताना मैसुराहून पुण्याला शिकवायला आले, मराठी न येता, गुरू कृष्णमाचार्य दूर. समोरच्याचे अंग पाहूनच त्यांना पुष्कळ शिकावे लागले. ज्याला वाकता येत नाही त्याला दोर, पाट, खुर्ची, लोड देऊन वाकविण्याची त्यांची रीत त्यातूनच आली. आमच्या बाई बोलत कमी. त्या नुसत्या पाहत. माझा डावा खांदा वर चढतो हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले. चाळीस वर्षे त्या खांद्यावर उपरणे होते, मला कधी कळले नव्हते.

आता पुन्हा सभामंडपात बसतो. आधी प्रत्येकाला औषधे विचारतो. कुंभक कोणालाच देत नाही. श्वास आत 'रामकृष्ण', बाहेर 'हरी', एवढेच, आणि तोही जमेल तेवढा. निरूपण अगदी शेवटी, सगळे भिंतीला टेकून बसल्यावर. विणेकरी पहिल्या रांगेत असतात. डोळे मिटायला सांगितले तरी एक डोळा किलकिला उघडा ठेवून ते माझ्याकडे पाहतात, आणि मी त्यांच्या छातीकडे.