तिळांचा वारसा

'अगदी बापासारखाच तीळ आहे हो पोराच्या पाठीवर,' असं घरातली वडीलधारी माणसं कौतुकानं म्हणतात. असंच निरीक्षण दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरानं केलं, पण ते काळजीपोटी.

स्टूरब्रिज गावचे विल्यम नॉरिस यांनी १८२० साली एडिंबराच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ५९ वर्षांच्या एका गृहस्थाची हकिगत छापली. पोटावरच्या तिळातून गाठ वाढली, रोग पसरला आणि रोगी दगावला. आज आपण त्याला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग म्हणतो. नॉरिस यांनी घराण्याचीही चौकशी केली. रोग्याचे वडील अशाच आजारानं गेले होते. भावांच्या आणि मुलांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. धाकट्या मुलाला तर नेमक्या त्याच जागी तीळ होता. हा रोग आनुवंशिक असावा, असं नॉरिस यांनी लिहून ठेवलं. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापला गेला तो १८६६ साली, हे ध्यानात घेतलं म्हणजे मला या गावच्या डॉक्टराचं मोठं नवल वाटतं.

पुढचा मार्ग लांबचा होता. १९७८ साली अमेरिकेत वॉलेस क्लार्क आणि हेन्री लिंच यांनी वेगवेगळ्या लेखांतून अशा बहुतिळी कुटुंबांचं वर्णन केलं. १९९४ साली नवव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएन२ए हे जनुक हाती लागलं. पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. जनुकात दोष असेल तर ब्रेक ढिला पडतो. दोष आई किंवा वडिलांकडे असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी.

मग हे विधिलिखितच म्हणायचं का? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचं उत्तर मला मोलाचं वाटतं. असा दोष असलेल्यांना ऐंशीव्या वर्षापर्यंत मेलॅनोमा होण्याचं प्रमाण युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६ टक्के, तर ऑस्ट्रेलियात ९१ टक्के दिसलं. जनुक तेच, पण डोक्यावरचं ऊन निराळं! म्हणजे वारशात धोका येतो, आणि तो किती वाढेल हे पुष्कळसं आपण कुठं व कसं राहतो यावरही ठरतं.

भारतात हा रोग विरळा. इथं तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली दिसतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. म्हणूनच तो नजरेतून सुटतो. आकार, रंग किंवा कड बदलणारा डाग दिसला, तर डॉक्टरांना दाखवावा.

आपल्याकडे घरातला कर्करोग झाकून ठेवण्याची रीत आहे. लग्नं मोडतील, लोक काय म्हणतील, ही धास्ती खोटी नाही. पण नॉरिस यांच्या रोग्याच्या घरानं वडिलांचा आजार लपवला असता, तर वारशाचा हा पहिला धागा त्यांच्या हाती लागलाच नसता. पुढच्या पिढीला दागिने, जमीन देतो, तशी घराण्याच्या आजारांची खरी माहितीही द्यायला हवी. लवकर सापडलेला मेलॅनोमा बहुधा साध्या शस्त्रक्रियेनं बरा होतो. उशीर झाला, तर जिवावर बेततं.