टचस्क्रीन टेबल (घरगुती) : सपाट आणि उतरती बांधणी

घरी जुळवलेल्या, बोटांनी चालणाऱ्या पडद्याच्या टेबलाचा माथा सपाट ठेवायचा की बसणाऱ्याकडे उतरता करायचा, हा निर्णय लाकूड कापण्याआधी घ्यावा लागतो. तो दोन मोजमापांवर ठरतो : टेबलाच्या किती बाजूंनी माणसे बसणार, आणि त्यांचे डोळे माथ्यापासून किती उंच असणार. पहिल्याचा विचार बहुतेक जण करतात. दुसरे विसरले जाते.

जपानमध्ये टोक्योच्या तोझाई मेट्रोमार्गावर, एदो नदीपलीकडे इचिकावा शहराचा ग्योतोकु हा भाग आहे. डोळ्यांच्या उंचीचे महत्त्व कळावे म्हणून तिथल्या सहा तातामींच्या (गवती चटयांच्या), म्हणजे साधारण दहा चौ.मी.च्या खोलीचे उदाहरण घेऊ. माणसे जमिनीवर बसतात. टेबल ३५ ते ४० सेंमी उंच असते. बसलेल्याचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरच्या थोडे वर, म्हणजे माथ्यापासून जेमतेम ४० सेंमी उंच राहतात. पडद्याचा मध्य ४५ सेंमी दूर धरला तर नजर पृष्ठभागाला सुमारे ४० अंशांत मिळते. अक्षरे चपटी दिसतात आणि छतावरचा दिवा नेमका नजरेच्या वाटेवर चकाकतो. माथा २० अंश उतरता केला की तोच कोन ६० अंशांच्या आसपास जातो. ९० सेंमी उंच टेबलाशी उभे राहणाऱ्याला मात्र सपाट माथ्यावरही पंचावन्न-साठ अंश मिळतात. म्हणून उताराची खरी गरज बुटक्या टेबलाला असते. आपल्या पेढीवरचे दिवाणजी गादीवर बसून उतरत्या झाकणाच्या पेटीवर वही लिहीत, त्यामागचे गणित हेच.

सपाट आणि उतरत्या पडद्यांचा जुना, मोठा प्रयोग जपानमध्येच झाला, तोही स्पर्शाशिवाय. तैतो कंपनीच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ (१९७८) या खेळाची काचेच्या माथ्याची टेबले कॉफीगृहांत पसरली. दोन खेळाडू समोरासमोर बसत आणि पाळी बदलली की चित्र उलटे फिरे. पुढे एकाच बाजूला शेजारी बसून खेळण्याचे खेळ वाढले आणि सेगाच्या ‘अॅस्ट्रो सिटी’सारख्या (१९९३) कललेल्या पडद्याच्या पेट्या रूढ झाल्या. चित्र एकाच बाजूने सरळ दिसते, ही अडचण स्पर्शाच्या टेबलालाही आहे. चार बाजूंनी बसलेल्यांपैकी तिघांना मजकूर आडवा किंवा उलटा दिसतो. पत्ते, सोंगट्या, नकाशा यांना ते चालते. वाचनाला चालत नाही.

स्पर्श ओळखण्याच्या पद्धतीनेही पर्याय आखडतात. सोनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील जुन रेकिमोतो यांनी नोबुयुकी मात्सुशिता यांच्यासह १९९७ मध्ये मांडलेल्या ‘होलोवॉल’ या स्पर्शभिंतीत अवरक्त दिवे आणि कॅमेरा पडद्यामागे होते. न्यूयॉर्कमध्ये जेफ हान यांनी २००५ मध्ये अॅक्रिलिकच्या कडेतून अवरक्त प्रकाश आत कोंडण्याची स्वस्त रीत दाखवली : बोट टेकले की तिथून प्रकाश खाली विखुरतो आणि कॅमेऱ्याला ठिपका दिसतो. घरगुती कारागिरांना खरी वाट या रीतीने मोकळी केली. हान यांचा गाजलेला पडदा ड्रॉइंग टेबलासारखा कललेला होता. बार्सिलोनाचे ‘रिअॅक्टेबल’ हे वाद्य मात्र गोल आणि सपाट, कारण त्यावर ठोकळे ठेवून ते फिरवायचे असतात. उतारावर ते घसरले असते.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा माथ्याखाली ठेवायचे तर तिथे खोल पोकळी लागते. आरसा लावून प्रकाशाची वाट दुमडता येते, तरी मायक्रोसॉफ्टचे ३० इंची ‘सरफेस’ टेबल (२००७) ५६ सेंमी उंच होते. जमिनीवर बसण्याच्या खोलीत अशी पेटी निरुपयोगी. तिथे एलसीडी पॅनेल आणि त्याभोवती अवरक्त चौकट (एका कडेला अवरक्त दिव्यांची रांग, समोरच्या कडेला प्रकाशग्राहक) हाच शहाणा मार्ग. पॅनेल मात्र आयपीएस जातीचे घ्यावे. टीएन जातीच्या पॅनेलचे रंग एका बाजूने पाहताना उलटतात, म्हणजे सपाट टेबलाशी बसलेल्यांपैकी एकाला हमखास बिघडलेले चित्र मिळते. पॅनेल म्हणून टीव्ही वापरला, तर तो उभा ठेवण्यासाठी बनवलेला असतो. आडवा टाकल्यास उष्णता कोंडते, म्हणून खाली आणि कडेला हवेसाठी फटी ठेवाव्यात. खिडकीतून थेट येणारे ऊन अवरक्त चौकटीला चकवते. काचेच्या किंचित वरून गेलेली बाही किंवा टेकलेले कोपरही चौकटीला स्पर्शच वाटतो, आणि हा त्रास सपाट माथ्यावर जास्त, कारण माणूस त्यावर सहज रेलतो.

उताराची मर्यादा कडक आहे. उतारावर पेन्सिल घरंगळू लागते, त्यामुळे खालच्या कडेला पट्टी हवीच. उतार फार वाढला तर हात अधांतरी राहून खांदे भरून येतात. एकट्याने चित्र काढण्यासाठी, मुलाला शेजारी घेऊन वाचण्यासाठी १५ ते २५ अंश पुरेसे आहेत.

कुटुंबाला दोन्ही कामे हवी असतील तर पुढच्या कडेला बिजागऱ्या आणि मागे खाचांचा टेकू अशी उचलती बांधणी करावी. पॅनेलचे वजन टेकूच्या दोन्ही पायांवर सारखे पडले पाहिजे, नाहीतर चौकट पिळवटते आणि अवरक्त दिव्यांची रांग समोरच्या प्रकाशग्राहकांशी जुळत नाही. लहान मुलांच्या घरात टेकूला कुलूपखीळ अत्यावश्यक आहे. उचललेला माथा अचानक खाली आला तर बोटे चेंगरतात. वायरींना बिजागरीपाशी सैल वळसा द्यावा.